खुंटीवरची टोपी

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाच्या मायलेकी!

सामान अजून खोक्यांत आहे, पण चहाची किटली सापडली, खारूचं दप्तर सापडलं आणि ही वही सापडली, म्हणजे संसार मांडून झाला म्हणायला हरकत नाही. नवरा जहाजावर, त्यामुळे खोकी उचलायलाही मीच आणि खोकी उचलली नाहीत म्हणून ओरडायलाही मीच. घर छोटंसं, पण मजेदार आहे. आधीच्या भाडेकरूला भिंती टोचायचं वेड असावं. जिथे बघावं तिथे खुंटी नाहीतर हूक. शेगडीच्या मागे, पलंगाच्या डोक्याशी, न्हाणीघराच्या दारावर, सगळीकडे. खारू म्हणाली, आई, आपल्याकडे कपड्यांपेक्षा खुंट्या जास्त आहेत. पोरगी चौथीत आहे, पण जीभ माझ्यावर गेली आहे.

संध्याकाळी तिला अंघोळीला पाठवलं आणि आतून किंकाळी. धावत गेले. गरम-गार एकाच नळातून येणारा तो प्रकार. हिने नळ गरमकडे फिरवला, पाणी गार. आणखी फिरवला, तरी गार. मग पूर्ण फिरवला, आणि मग एकदम असं कढत आलं की बाईसाहेब कोपऱ्यात उडी मारून उभ्या. भाजलं नाही, पण रुसवा मोठा. मी तिला समजावलं की अगं, गिझरपासून नळापर्यंत पाणी यायला वेळ लागतो. तू काय केलंस ते पाण्याला उशिरा कळतं. थोडं फिरवायचं, हात धरून थांबायचं, बघायचं, मगच पुढचं. घाई केलीस की पोळलीस.

मग म्हटलं, तुझ्या आईला याच कामाचा पगार मिळतो. तिला खोटं वाटलं. तेव्हा सगळं सांगितलं. कारखान्यात मोठी भांडी असतात, त्यांना वाफेवर तापवतात, आणि मध्ये कंट्रोलर नावाचा एक डबा बसलेला असतो. किती हवं, किती आहे, चुकलं किती, एवढंच तो दिवसभर बघतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह कमीजास्त करतो. त्या कंट्रोलरच्या पोटात तीन जावा नांदतात. थोरली तापट, चूक दिसली की लगेच हात उगारते. धाकटी घाबरट, चूक व्हायच्या आधीच बोंब मारते. आणि मधली डूख धरणारी. लहानातली लहान चूक ती मनात साठवते, आणि चूक मिटेपर्यंत रेटा वाढवत नेते. तिघींना एकमेकींशी जुळवून घ्यायला लावायचं, याचं नाव ट्यूनिंग. खारूने विचारलं, तिघींत वाईट कोण. मी म्हटलं, मधली. ती विसरत नाही.

बुधवार, ५ तारीख

कारखाना वस्तीच्या टोकाला. प्लायवूड चिकटवायचं रेझिन शिजवतात. आवारात शिरलं की आंबट वास डोळ्यांतच जातो. दोन मोठी बंद भांडी आहेत, आणि कामगारांनी त्यांना नावं ठेवली आहेत, शेळी आणि म्हैस. शेळी चपळ, शहाणी. म्हैस म्हणजे नावाप्रमाणे. वाफ सोडा, ढिम्म. आणखी सोडा, ढिम्म. आणि मग एकदा तापायला लागली की आतलं रेझिन स्वतःचीच उष्णता सोडायला लागतं, मग तिला आवरता आवरत नाही. दोघींचं ट्यूनिंग मला करायचं आहे.

म्हशीवरचा ऑपरेटर माझ्याच वयाचा असेल. त्याला सगळे गवई म्हणतात, कारण काट्यावर नजर ठेवून उभा असला की गुणगुणत असतो. एकच चाल, दिवसभर. वर चढते, आणि एका ठरावीक जागी याचा दम संपतो, तिथे चाल तुटते, मग पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, जरा पुढे तरी जा. तर म्हणाला, ताई, तुम्ही म्हशीला वळण लावा, मग दम उरेल, मग पुढचं म्हणतो. मला पहिल्याच दिवशी ताई करून टाकलं. मी म्हटलं, माझ्यावर भरवसा ठेव. तो म्हणाला, भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो ताई, जपून.

इथली एक रीत आवडली. म्हशीच्या पॅनेलशेजारी लाकडी खुंटी आहे. कंट्रोलर बाजूला ठेवून कुणी व्हॉल्व्ह स्वतः चालवायला घेतला, त्याला हे लोक 'हातावर घेणं' म्हणतात, की त्याने आपली टोपी त्या खुंटीवर अडकवायची. हेल्मेटला इथे टोपीच म्हणतात. टोपी खुंटीवर आहे तोवर म्हशीचं झाकण कुणी उघडायचं नाही. आणि ज्याची टोपी, त्याने खोली सोडायची नाही. खुंटी रिकामी म्हणजे सगळं आपोआप चाललंय, बिनघोर जा. झाकणापाशी उभं राहिलं की स्क्रीन दिसत नाही, खुंटी तेवढी दिसते, म्हणून ही रीत.

माझ्या पिवळ्या टोपीवर खारूने पुढेच खारीचं चित्र चिकटवलंय. गवई म्हणाला, बरं झालं, मालकीण कोण ते विचारायला नको.

सोमवार, १० तारीख

शेळी जमली! स्क्रीनवर तापमानाची रेघ अशी सरळ पडली आहे की कुणी पट्टी धरून ओढली म्हणेल. साहेब स्वतः पाहायला आले. हे आमच्या कारखान्याचे मुख्य, सदानकदा हात चोळत असतात. म्हणाले, असं काम इथे कुणी केलं नव्हतं. बुधवारी मोठी गिऱ्हाइकं येणार आहेत, त्यांना दाखवू. खोटं कशाला लिहू, मी हुरळून गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबले, कौतुक म्हणून कुणी केलं नाही. आता सगळ्यांनी बघावं असं वाटतं. त्यात वाईट काय?

काल गवईच्या घरी गेलो होतो. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायला लागले आणि तिने खारूला मांडीवरच घेतलं. वहिनी कपडे शिवते. खारूसाठी उरल्या कापडाची पिशवी शिवून दिली. गवईने पोरीला ती चाल शिकवली. कार्टी आता दिवसभर तेच गुणगुणतेय, आणि जिथे याचा दम तुटतो तिथे ही न थांबता सरळ पुढे जाते. याला वाईट वाटायचं सोडून हा टाळ्या वाजवतो. म्हणाला, एवढ्याशा पोरीने माझं गाणं पुरं केलं.

बुधवार, १२ तारीख

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

सकाळी म्हैस हातावर घेतली. टोपी खुंटीवर अडकवली. वाफेचा व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त उघडला आणि बघत बसले. ट्यूनिंगची रीतच ती. एक धक्का द्यायचा आणि भांडं किती वेळाने, किती हलतं ते पाहायचं. गवई त्याआधीच गोदामात गेला होता. म्हैस नेहमीसारखी ढिम्म. तेवढ्यात साहेबांचा फोन. पाहुणे आलेत, शेळीचा ग्राफ तुम्हीच समजावा, लगेच या.

मी म्हटलं, जाऊन येते. एवढ्यात काय आभाळ कोसळतंय. पुन्हा आपोआपवर टाकलं असतं तर सकाळभरचं निरीक्षण वाया गेलं असतं, म्हणून ते केलं नाही. आवारात टोपीशिवाय पाऊल टाकायची सोय नाही. दारात पाहुण्यांसाठी पांढऱ्या टोप्या टांगलेल्या असतात, त्यातली एक डोक्यावर घालायची आणि जायचं, एवढंच करायचं होतं. पण त्या घामट असतात. आणि खरं सांगायचं तर मला माझी हवी होती. खारवाली. लोकांपुढे जायचं होतं ना.

खुंटीवरून काढली, घातली आणि गेले.

साहेबांनी पाहुण्यांसमोर खारीची थट्टा केली. म्हणाले, आमच्या बाईंच्या डोक्यावर खार बसते आणि भांडी शेपूट हलवून ऐकतात. सगळे हसले. मीही हसले. दात काढून हसत होते आणि धोक्याचा भोंगा झाला.

गवई परत आला होता. खुंटी रिकामी दिसली. नमुना काढायला झाकण उघडलं. उकळता फेस वर आला, हातांवर, छातीवर, गळ्यावर. मी पोचले तेव्हा त्याला नळाखाली धरलं होतं. सगळ्यांच्या पाठी पॅनेलकडे होत्या. मी पॅनेलपाशी होते. टोपी डोक्यावरून काढली आणि खुंटीवर अडकवली.

हात आपोआप गेला असं लिहिणार होते. नाही गेला. मी आजूबाजूला बघितलं आणि मग अडकवली.

गुरुवार, १३ तारीख

चौकशी झाली. साहेब आणि वरून आलेले दोघे. त्यांनी विचारलं, टोपी कुठे होती. मी म्हटलं, खुंटीवरच होती. मी दारातली पांढरी घालून गेले होते. खोली सोडली ही चूक, ती कबूल. पण टोपी खुंटीवर असताना झाकण कुणी उघडायला नको होतं.

किती साफ बोलले मी. एकदाही अडखळले नाही.

साहेबांनीच तर खारीची थट्टा केली होती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, हात चोळले आणि मान खाली घातली. म्हणजे त्यांना आठवतंय. आणि गप्प बसणं त्यांच्याही सोयीचं आहे. चुकार कामगार निघाला तर कारखान्यावर बोट नाही. झाकली मूठ, दोघांची.

घरी येऊन खारूच्या डब्यातलं उरलेलं खाल्लं आणि डबा घासून ठेवला. ही लाज अशी अंगभर चढते की कानसुद्धा गरम होतात. खारूने विचारलं, गवईकाका कसे आहेत. मी म्हटलं, बरे होतील. तिने विचारलं, कुणाचं चुकलं? मी पोरीला म्हटलं, त्याचंच.

शनिवार, १५ तारीख

काल टोपी घरी आणली होती. कपाटात खाली, जुन्या चादरींच्या आड ठेवली. मला ती नजरेसमोर नको होती. आज नवी घेऊन कामावर गेले, तर म्हशीच्या खुंटीवर माझी टोपी. खारीसकट.

वाटलं, कुणीतरी टोमणा मारतंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण घरी येऊन पाहिलं तर कपाटात चादरी जशाच्या तशा होत्या, घड्या न मोडलेल्या, आणि टोपी नव्हती.

म्हशीवर बदली माणूस आलाय. तो म्हणाला, बाई, तुमची टोपी खुंटीवर आहे, मी झाकणाला हात लावणार नाही. मी काढली. स्क्रीन बघितला. म्हैस हातावर होती. कुणी घेतली नव्हती. व्हॉल्व्ह बुधवारी मी ठेवला होता तेवढाच उघडा होता.

सोमवार, १७ तारीख

टोपी पुन्हा खुंटीवर. मी घरी नेते, ती तिथे असते. शेवटी साहेबांनी म्हैस बंद ठेवायला सांगितली. माझ्याकडे न बघता सांगितलं.

दुपारी वहिनी फाटकाशी आली. इस्पितळातून तशीच आलेली, केस विस्कटलेले. म्हणाली, ताई, त्याच्या गळ्यातून आवाज नीट फुटत नाही, गुणगुणणं तर राहूच दे. पण तो सारखं एकच विचारतोय. खुंटीवर टोपी होती का? मला तर रिकामी दिसली, असं म्हणतो. मग म्हणतो, ताई खोटं बोलायच्या नाहीत, माझंच लक्ष नसेल. तुम्ही एकदा सांगा म्हणजे त्याच्या डोक्यातून जाईल.

तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. वहिनीच्या हातात तसलीच कापडी पिशवी होती, खारूला शिवून दिली तसली.

मी म्हटलं, होती.

तिने मान हलवली. म्हणाली, बरं झालं विचारलं. आणि मलाच म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका ताई.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला आज कळलं. पण धरणी काही दुभंगली नाही. मी डबा खाल्ला आणि कामाला लागले.

मंगळवार, १८ तारीख

आज कारखान्यातली खुंटी रिकामी. मला कोण आनंद! सुटले म्हटलं.

घरी आले. चहाला किटली लावली. ती विजेची आहे, पाणी उकळलं की आपली आपण बंद होते. आज झाली नाही. उकळत राहिली, आटली, बुड लाल झालं, वायर वितळल्याचा वास आला तेव्हा मी धावले. शेगडीमागच्या खुंटीवर गाळणं असतं. गाळणं खाली पडलं होतं.

खुंटीवर टोपी.

खारूला विचारलं, ओरडून विचारलं. ती रडायला लागली. तिने नव्हती आणली. रडता रडता म्हणाली, आई, तूच गाणं म्हणत होतीस ना स्वयंपाकघरात? मी गात नाही. मला गाताच येत नाही.

बुधवार, १९ तारीख

इस्त्री. खारूचा गणवेश करत होते. बटण मंदवर होतं, मी दोनदा बघितलं. कापड काळं पडलं, मग भोक, मग खालची चादर पेटली. पाणी ओतलं. पलंगाच्या डोक्याशी टोपी. खार माझ्याकडे तोंड करून.

खारूच्या बोटाला फोड आला आहे. एवढासाच. तिने इस्त्री सरकवायला हात घातला, मला मदत म्हणून.

गुरुवार, २० तारीख

आता कळलं. एवढं शिकलेली मी, आणि इतका वेळ लागला.

सोमवारी वहिनीला खोटं सांगितलं, मंगळवारी किटली. मंगळवारी शेजारच्या काकूंना तेच सांगितलं, बुधवारी इस्त्री. दरवेळी जास्त. आणि आज — आज इस्पितळाच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते, सांगून टाकायचं ठरवून. आज दिवसभर काही झालं नाही. टोपी कुठेच नव्हती. घर गप्प.

मधली जाऊ. किती हवं, किती आहे, चुकलं किती. चूक मिटेपर्यंत रेटा वाढणार. ती आता भांड्याला चालवत नाही, मला चालवते. एक धक्का देते, थांबते, मी किती हलले ते बघते. हलले नाही तर पुढचा धक्का मोठा.

तिला एकच वाक्य हवंय माझ्याकडून. आणि मी पायऱ्यांवरून परत फिरले. काचेतून तो दिसला, दोन्ही हात पट्ट्यांत, छताकडे बघत ओठ हलवत. चाल म्हणत होता, आवाजाशिवाय. मला आत जाववलं नाही. लोक काय म्हणतील, नोकरी जाईल, खारूच्या शाळेत कळेल — हेच आलं मनात. त्याचे हात नाही आले. हेच आलं.

शुक्रवार, २१ तारीख

टोपी पुलावरून पाण्यात टाकली. बुडताना बघितली. घरी आले तर दाराआड.

पकड घेतली आणि सगळ्या खुंट्या उपटल्या. भिंती फोडल्या. काकू बघत राहिल्या. म्हटलं, रंग द्यायचाय. न्हाणीघराच्या दारावरचा हूक तेवढा निघेना, आरपार बसवलाय. त्यावर फडकं गुंडाळलं. गिझर मुख्य बटणापासून तोडला. शेगडी बंद. इस्त्री, किटली कचऱ्यात. घरात तापणारं काही ठेवलं नाही. पाव खातो. खारू गार पाण्याने अंघोळ करते, कुरकुरत नाही. शहाणी झाली आहे. माझ्यामुळे.

तिने आज विचारलं, आई, तू काय केलंस?

तिने विचारलं नाही की काय झालं. काय केलंस, असं विचारलं.

शनिवार, २२ तारीख

उद्या सांगते. ठरलं. वहिनीच्या घरी जाऊन, पायांवर डोकं ठेवून —

टोपी नाही आज. बघ, ठरवलं की निवते ती. उद्या नक्की.

रविवार, २३ तारीख, सकाळ

निघणार होते. वहिनीचाच फोन आला. म्हणाली, त्याने काल साहेबांना निरोप पाठवला. चूक माझीच, ताईंना त्रास देऊ नका. नोकरी सोडली. दोघं तिच्या माहेरी चाललेत, तिथे शिवणकाम जास्त मिळेल म्हणे, कारण त्याचे हात आता — बोटं आता मिटत नाहीत. खारूला पापा सांगितलाय. तो म्हणाला आहे, पोरीला म्हणावं गाणं विसरू नकोस.

मी म्हटलं, सांभाळून जा.

फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते, हात जळतो, पण हायसंच वाटलं. सगळं मिटलं की. त्यानेच मान्य केलं. आता उगाच सांगून कुणाचं भलं? त्याचे हात थोडेच परत येणार? त्यालाही कुठे इतकं —

खारू अंघोळीला गेली आहे. गुणगुणतेय. किती दिवसांनी. बरं वाटतं ऐकून. मी टेबलाशी बसून हे —

दाराखालून वाफ?

गिझर तोडलाय मी. वायर माझ्या हाताने कापली. गार पाणीच आहे. खारूच गातेय.

नाही. त्या जागी तुटली चाल. खारू तिथे थांबत नाही. ती पुढे जाते.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच तुटली.

फडकं खाली पडलंय. हुकावर टोपी. ओली. पाणी निथळतंय. खार माझ्याकडे —

उठायचंय. पाय उठत नाहीत. आवाज फुटत नाही. पेन तेवढं चालतंय. हातावर घेतलंय मला. हातावर —

लिहिते. ऐक, लिहिते. टोपी खुंटीवर नव्हती. मी घालून गेले होते. नंतर अडकवली. मी, माझ्या हाताने. त्याला रिकामी दिसली कारण रिकामी होती. सांगितलं. झालं ना? सांगितलं ना आता? थांबव —

टोपी नाहीशी झाली. हूक रिकामा. मिटलं. देवा, मिट —

वाफ थांबली नाही. माझे पायही सुटले नाहीत, आवाजही नाही. का — पाइपात आहे ते. आधीच सोडलेलं आहे ते. ते यायचंच. उशिरा कळतं पाण्याला, उशिरा —

आतून खारू हाका मारतेय. आई, नळातून वाफ येतेय, पाणी अजून गारच आहे. पण तू सांगितलंस तसंच करतेय. फिरवलाय, आणि आता हात धरून थांबलेय.

खारू हात काढ खारू हात का